फोटोत सापडलेला बेडूक

मला एका जागी बसवत नाही. वडगावात विणकरांच्या मागांच्या खडखडाटात वाढले, त्यामुळे शांतता अंगावर येते. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली की मी लोंढा गावाजवळ सासरी जाते आणि दुसऱ्या दिवसापासून हातांना काम शोधत हिंडते.

त्या सकाळी सासूबाईंबरोबर ओढ्याकाठच्या झाडीतून वाळका पाला गोळा केला. भाताचं बी टाकण्याआधी वाफ्यावर पाला पसरून जमीन भाजायची, ही आमच्याकडची रीत. भरलेल्या टोपलीचा मी हौसेनं फोटो काढला. शेतात पाला पसरून झाला, सासरे काडेपेटी चाचपू लागले, तेवढ्यात बहिणीला पाठवायला मी तो फोटो उघडला. एका वाळक्या पानाला डोळे होते.

फोटो मोठा करून पाहिला. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक. तोच तपकिरी रंग आणि पाठीवर पानाच्या शिरेसारखी रेघ.

"मामा, थांबा! ह्यात बेडूक हाय," मी सासऱ्यांना ओरडून सांगितलं.

"हाय तर उडी मारून जाईल की."

पण तो जायचा नाही, हीच तर भीती. भ्याला की निपचित बसायचं, एवढंच त्याला ठाऊक. जाळ आला तरी तो पान होऊनच बसेल. त्याला टोपलीत घालून मीच आणलं होतं. गुडघे टेकून एकेक पान उलटू लागले. थोड्या वेळानं प्रत्येक पान बेडूक वाटायला लागलं आणि बेडूक काही सापडेना.

"मास्तरीणबाई, सांजपतूर पानंच उलटणार व्हय?" सासरे वैतागले. वारं पडलं होतं, भाजायला हीच वेळ. मीही चिडले, कुणावर ते कळेना. उठले, पिण्याच्या पाण्याची कळशी उचलली आणि अख्खी पाल्यावर ओतली.

"आगं, ह्ये काय केलंस! आता दोन दिस वाळायचं न्हाय!"

पाऊस आल्यागत पाणी लागताच पाला हलला. एक बेडूक टुणकन उडाला. मग दुसरा, तिसरा, बांधाच्या बाजूनं आणखी दोन. मी तर एकाच्याच मागे लागले होते. सासऱ्यांनी काडेपेटी खिशात टाकली.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी त्यांनीच हा पाला आणला होता.

"भाजताना आत काय तरी तडतडायचं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, ओली काटकी असंल."