खिडकीखालच्या बाया

आमच्या वऱ्हाडात आजारी माणसाला पाहायला न जाणं हा मोठा अपराध समजतात. जाताना हात रिकामा नको आणि घरच्यांनी चहा पाजल्याशिवाय पाहुण्याला सोडायचं नाही. त्यामुळे ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं, त्या घरची बाई दिवसभर गॅससमोर उभी. मी स्वतः अशा कितीतरी घरी जाऊन चहा पिऊन आलेली आहे, आणि साखर कमी पडली हेही परत येताना बोललेली आहे.

आमची लेक तिसरीत असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचार अकोल्याला आणि घर अमरावतीत, राजापेठच्या मागच्या गल्लीत. औषध चढवलं की पुढचे काही दिवस तिच्या अंगात आजाराशी भांडायला काही उरायचं नाही. कोणाची साधी सर्दीसुद्धा तिच्या जिवावर बेतेल, तेव्हा घरात माणूस येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या खेपेनंतर तिला घरी आणलं आणि मी दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्याच दिवशी माझी थोरली जाऊ आली. चांदूर बाजारच्या पलीकडच्या आमच्या गावाहून एसटीनं, डोक्यावर संत्र्यांची पिशवी घेऊन. वाटेत धुळीनं तिला खोकला लागला होता. तो खोकला ऐकला आणि माझा जीव उडाला. जाळीच्या दाराआडूनच तिला सांगितलं की आत येऊ नका, डॉक्टरांची मनाई आहे. जास्त समजावत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि गोड बोलणं मला तसंही जमत नाही. तिनं पिशवी पायरीवर ठेवली, पाणीही न मागता परत गेली. पुढच्या एसटीला किती वेळ होता कोण जाणे.

गावात पोचेपर्यंत त्या बंद दाराचा अर्थ बदलला. दार लावून घेतलं म्हणजे रोग लागट आहे, दुसऱ्याला लागू नये म्हणून बिचारे कोंडून घेऊन बसलेत, असं सगळ्यांनी धरलं. आम्ही त्यांच्या खोकल्याला भीत होतो आणि ते आमच्या लेकराला. गावातून ही समजूत गल्लीत यायला वेळ लागला नाही. किराणा दुकानदार पुडा माझ्या हातात द्यायच्या ऐवजी काउंटरवर सरकवू लागला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया आमच्या घरापाशी आल्या, वाण कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि पुढे गेल्या. प्लास्टिकची लाल गाळणी होती. ती मी उचलली आणि रस्त्यावर भिरकावून दिली. लेक खिडकीतून पाहत होती. हसली.

अकोल्याला बरं वाटायचं, असं म्हणायची लाज वाटते, पण खरं आहे. तिथं वॉर्डात सगळ्या माझ्यासारख्याच आया. लेकराला उलटी आली की शेजारच्या खाटेवरची बाई न सांगता भांडं पुढे करायची. कोणी कोणाला धीर द्यायचं नाही. व्हरांड्यात एकमेकींच्या डब्यातली भाजी खायची आणि कोणाच्या नवऱ्यानं आज फोन केला नाही यावर बोलायचं. मग परतताना आम्ही रेल्वेनं बडनेऱ्याला उतरायचो, ऑटोनं घरी यायचो, आणि गल्लीत शिरताच ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबायच्या. नवरा सकाळी मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जायचा. दिवसभर मी, लेक आणि भिंतीवरची पाल.

चार घरं सोडून भाजीवाल्यांचं घर आहे. त्या घरची म्हातारी रोज पहाटे बाजारात बसते आणि दुपारी परत येते. मी तिला मावशी म्हणते. एका दुपारी ती आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि मला हाक मारून सरळ विचारलं,

"तिचं आमाले लागते, का आमचं तिले लागते?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मी म्हटलं, तुमचं तिला लागतं. तिनं मान हलवली.

"मंग आमी आंगनात बसतो," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती टोपलंभर तुरीच्या शेंगा घेऊन आली, सोबत गल्लीतल्या दोघी. लेकीच्या खिडकीपासून जरा लांब, आंब्याखाली पोतं अंथरून तिघी सोले काढत बसल्या. लेकीची विचारपूस नाही की माझं सांत्वन नाही. कोणाच्या सुनेनं माहेरी जाऊन काय केलं, कोणत्या शिकवणीच्या मास्तरनं कोणाची फी परत केली नाही, हेच. मी चहा विचारला तर मावशी म्हणाली, आमी काही पाहाले नाही आलो, चहा कायचा. मग त्या रोज यायला लागल्या. मी पायरीवर बसायची. गोष्ट अर्धी राहिली की लेक खिडकीतून ओरडायची, मंग काय झालं? त्या सुनेचं पुढं काय झालं हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात मी माणसात आले.

फाल्गुनात तिचा आजार उलटला आणि अकोल्यालाच ती गेली.

मग दार सताड उघडं राहिलं. तेरवीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. थोरली जाऊ आली, माझ्या गळ्यात पडून रडली, आम्हाले मालूम नव्हतं माय, म्हणाली. पाहुणे गेले. नवरा पुन्हा दुकानात जाऊ लागला.

आणि दुपारी त्या तिघी पुन्हा येऊन त्याच जागी बसल्या. या खेपेला गहू होते निवडायला. तशाच गप्पा. एक जण काहीतरी बोलली आणि बाकीच्या हसल्या, आणि खिडकीतून पुढचं विचारायला कोणी नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी बाहेर येऊन म्हटलं, आता कोणासाठी बसता इथं? माझी लेक गेली, तुम्हाला हसायला दुसरं अंगण नाही का? उठा आणि आपापल्या घरी जा. आणखीही बोलले, ते लिहवत नाही.

दोघी उठल्या. मावशी उठली नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुयी लेक बोलली होती मले," ती म्हणाली. "तू आंघोळीले गेलती तवा. म्हने, आजी, मी नसली तरी तुमी इथंच बसजा. आई चिडन, पन तुमी उठू नोका."

जूनमध्ये शाळेत जायचं आहे, असं आम्ही दोघं तिला शेवटपर्यंत सांगत होतो. नवं दप्तरही आणून ठेवलं होतं. ती हो हो म्हणायची, दप्तराची चेन उघडून लावून पाहायची. तिला काही कळू दिलं नाही, या एका गोष्टीचं मला समाधान होतं. आणि ती माझ्या पाठीमागे माझी सोय लावत होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिनं एकटीनं ते पोटात ठेवलं. आठ वर्षांचं लेकरू.

उठलेल्या दोघी परत बसल्या. मीही तिथंच मातीत बसले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. कोणी मला गप्प बस म्हटलं नाही. मावशीनं सूप उचललं आणि त्या गहू निवडत राहिल्या.