पंजी कुणाच्या डब्यात

काष्टीहून मी नगरला राहायला निघालो तो शेळ्यांच्या टेम्पोतून. बाजारचा दिवस होता. एसट्या खच्चून भरून येत होत्या आणि स्टँडवर न थांबता पुढे जात होत्या. शेवटी माझ्या वडिलांनी, आबांनी, ओळखीच्या व्यापाऱ्याला हात केला, माझी पत्र्याची पेटी मागे चढवली आणि मला शेळ्यांच्या मध्ये उभं केलं. आई फाळक्याला धरून उभी होती. रडली नाही. तिचं आपलं एकच चाललं होतं, "साहेबाचं घर हाय. नीट ऱ्हा. आपला कप आपन धुवायचा." आबा एवढंच म्हणाले, "खोली हातची जाऊ दिऊ नगं. थोरल्यावानी व्हायला नगं."

थोरला म्हणजे माझा भाऊ. तोही नगरच्या कॉलेजात होता, पण काष्टीहून रोज येऊन-जाऊन. सकाळची एसटी चुकली की प्रॅक्टिकल बुडायचं. आधी वर्ष गेलं, मग कॉलेजच गेलं. आता तो आबांबरोबर शुगर फॅक्टरीवर उसाच्या गाड्या खाली करतो. माझं पहिलं वर्षही असंच काठावर सुटलं होतं. म्हणून आमच्या एका सरांनी भिंगारला खोली पाहून दिली, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की निम्मी पदवी तिथंच मिळाली. आईने बाजारात भेटेल त्याला सांगितलं असणार. तुमच्यापैकी जे काष्टीचे आहेत त्यांना अजूनही ते आठवत असेल.

खोली एका निवृत्त कॅप्टनसाहेबांच्या बंगल्याच्या आवारात, गेटजवळ होती. भाडं नव्हतं. साहेबांची एकच अट होती, संध्याकाळी त्यांच्याशी पत्ते खेळायचे. मुलं परदेशी होती आणि त्यांचा खेळ दुसऱ्या कुणाला येत नव्हता.

मी पोचलो तेव्हा माझ्या अंगाला शेळ्यांचा वास येत होता. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मला आधी आवारातल्या नळावर अंघोळ करायला लावली. त्या वरून तांब्याने पाणी ओतत होत्या, जरा लांबून. मला शेळ्यांची लाज वाटली. साहेबांनी नाव विचारलं. मी मिलिंद म्हणालो. मग त्यांनी आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, "हरकत नाही. आमच्या फौजेत असलं काही नसतं." आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना कळलं, एवढंच मला त्या वेळी समजलं. त्यांच्याविषयी मला आदर वाटला. आज त्या वाक्याची मला किळस येते, पण त्या दिवशी आदरच वाटला, हे खरं आहे.

त्या खेळाला साहेब क्रिब म्हणत. मेसमध्ये शिकलेले होते. प्रत्येकाला सहा पानं मिळतात. त्यातली चार हातात ठेवायची आणि दोन पालथी बाजूला टाकायची. दोघांची मिळून ती चार पानं म्हणजे डबा. डबा ज्याने पानं वाटली त्याचा, त्याचे गुण त्याला मिळतात. मधे गड्डीतलं एक पान उघडतात, ते सगळ्यांच्या मोजणीत धरतात. गुण मोजायला भोकं पाडलेली एक शिसवी पट्टी होती, आणि तिच्या खुंट्या हरवल्यामुळे आम्ही काड्यापेटीतल्या काड्या वापरायचो. खेळाचं सगळं मर्म टाकण्यात आहे. टाकलेलं पान नाहीसं होत नाही. ते कुणाच्या तरी डब्यात जातं. डबा आपला असेल तर चांगली पानं टाकायची, दुसऱ्याचा असेल तर निकामी. आणि पंजी कधीच द्यायची नाही, कारण ती दश्शी, गुलाम, राणी, राजा अशा दहाच्या प्रत्येक पानाशी जुळून पंधरा होते, आणि दर पंधराला दोन गुण मिळतात. साहेब म्हणायचे, "पंजी समोरच्याच्या डब्यात टाकली म्हणजे स्वतःची बंदूक शत्रूला दिली."

मी तो नियम पाळायचो. वाटणी साहेबांची असली की मी माझा चांगला हात मोडून पंजी धरून बसायचो. बहुतेक वेळा हरायचो. साहेब खूश व्हायचे. खेळ सातच्या बातम्यांपर्यंत चाले. मधे काकू चहा आणत. साहेबांना कपबशी आणि मला काचेचा ग्लास. तो ग्लास नळाच्या कट्ट्यावर असायचा आणि तो मीच धुवायचो. आईने सांगितलंच होतं तसं.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. पत्ते चांगले, प्लॅस्टिकचे, मिलिटरी कॅन्टीनमधले असायचे. पण थोड्याच दिवसांत त्यांना बाक यायचा, कडा फुगायच्या, लाल रंग विटायचा. बदामची राणी तर पाठीवरूनही ओळखू यायची. साहेब चिडून म्हणायचे, "कॅन्टीनचा माल पूर्वीसारखा राहिला नाही." मग नवा कॅट यायचा, आणि त्याचंही तेच व्हायचं.

तिसऱ्या वर्षाला, परीक्षा जवळ आली असताना, एक दिवस प्रॅक्टिकल रद्द झालं आणि मी भर दुपारी परत आलो. माझ्या नळाला पाणी नव्हतं म्हणून बादली घेऊन मागच्या अंगणात गेलो. काकू पाटावर बसल्या होत्या. पुढे घमेल्यात साबणाचं पाणी होतं. त्या एकेक पत्ता बुडवून चोळत होत्या, फडक्याने पुसत होत्या आणि शेजारच्या खाटेवर उन्हात मांडत होत्या. अर्धी खाट भरली होती. प्रत्येक पत्त्यावर त्या एका बाटलीतून थेंब शिंपडत होत्या. बाटली कशाची ते मला वासावरून कळलं. गोमूत्र होतं.

मी काहीतरी विचारलं असेन, किंवा नुसताच उभा राहिलो असेन. त्याच म्हणाल्या, "लवकर आलास होय? अरे, रोजचंच आहे हे. साहेब त्याच हातांनी सकाळी देवाला फुलं वाहतात ना, म्हणून. तू मनावर घेऊ नकोस." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. उलट मला समजावत असल्यासारखा मऊ होता. मला वाटतं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बादली तिथंच ठेवून खोलीत आलो. दीड-दोन वर्षं मी ते पत्ते हातात धरत होतो. पत्ते चिकटून बसले की सगळे करतात तसं बोट जिभेला लावून वाटत होतो. ते आठवलं आणि मला ओकारी आली. खोलीतल्या माठातल्या पाण्याने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. तरी वास जाईना. गंमत अशी की काकूंच्या लेखी माझा हात घाण होता आणि ते पाणी शुद्ध होतं. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी.  संध्याकाळपर्यंत पुस्तक उघडून बसलो.

संध्याकाळी मी खेळायला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. पण खोली सोडली तर परीक्षेपर्यंत राहायचं कुठं, हा विचार डोक्यात होता. थोरल्याचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं.

वाटणी साहेबांची होती. माझ्या हातात सत्ती, दोन अठ्ठ्या, नव्वी आणि दोन पंज्या आल्या. पानांना अजून ऊन लागल्यासारखी धग होती. नेहमीप्रमाणे मी पंज्या ठेवून बाकीचा हात मोडला असता. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की सत्तीपासून नव्वीपर्यंतची ती चार पानं ओळीने एकमेकांना धरून उभी आहेत, आणि साहेबांना एक पंजी मिळू नये म्हणून मी ती मोडणार आहे. मी दोन्ही पंज्या पालथ्या टाकल्या.

डाव झाला. मी माझे बारा गुण मोजले, साहेबांनी त्यांचा हात मोजला आणि मग डबा उलटा केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही पंज्या मला? डोकं ठिकाणावर आहे ना, मिलिंद?"

"माझ्या हातातल्या आहेत," मी म्हणालो. "धुवून घ्या."

आत काकूंचा टीव्ही चालू होता. साहेबांनी नजर भिंतीकडे वळवली. त्यांना माहीत नव्हतं, असं ते म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. मला तो ठेवायचा होता. पण ते हळू आवाजात म्हणाले, "तिची सवय आहे ती. या वयात काय बदलणार. आणि मी खेळतोच ना तुझ्याबरोबर? मी कधी हात मागे घेतला?"

म्हणजे कॅन्टीनच्या मालाचं ते सगळं खोटं होतं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की ते मला काहीतरी देत आहेत. आणि मी आभारी आहे असंही वाटत असावं. तसा मी होतोही. माझी मान खाली गेली, आणि त्याचाही मला संताप आला.

मग साहेबांनी जे केलं ते मला काकूंच्या बाटलीपेक्षा जास्त किळसवाणं वाटतं. त्यांची नजर हळूहळू टेबलावर आली. मधलं उघडलेलं पान गुलाम होता. त्यांनी स्वतः दश्शी आणि राजा टाकला होता. त्यांना राहवलं नाही. "पंधरा दोन, पंधरा चार," ते पुटपुटायला लागले. डब्याचे चौदा गुण झाले. काडी उचलून त्यांनी पट्टीवर पुढे लावली.

मी उठलो. सकाळी पेटी घेऊन बाहेर पडलो.

आता मी नागापूरला एमआयडीसीच्या बाजूला, वर्गातल्या दत्ताच्या खोलीत राहतो. तो शनिशिंगणापूरचा, शेतकऱ्याच्या घरातला. खोलीत आम्ही चौघं जण आहोत. मागे कारखान्याच्या पाण्याचं गटार आहे आणि गाद्यांत ढेकूण आहेत. पहिल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. सगळं ऐकल्यावर दत्ता म्हणाला, "आमच्या गावात घराला दारं नसतात राव. पण तुझी काकू तिथं राहायला आली असती ना, तर पहिलं दार तिनंच बसवलं असतं." सगळे हसले. मीही हसलो. मग त्याने माझ्याच ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. ते त्याने मुद्दाम केलं नसावं. पण मी त्याच्या हाताकडे बघत होतो. आता मी सगळ्यांच्याच हाताकडे बघतो. माझा पेन घेताना, माझ्या वहीला हात लावताना, चहावाला सुटे देताना. हे माझ्या अंगात त्या बंगल्यातून आलं आहे, आणि कुठल्या नळावर धुवून ते जाईल असं मला वाटत नाही.

घरी सांगायला मी पंधरवड्याने काष्टीला गेलो. आई भाकरी थापत राहिली. आबा मात्र भडकले. "परीक्षेपतूर दम धरायला काय झालं हुतं? पत्तेच धुतले ना? आमाला तर लोकांनी..."  पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला त्यांचाही राग आला. बाहेरच्यांची किळस सोपी असते. आपल्या माणसाने ती गिळायला सांगितली की ती घशात अडकते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना कुणी ना कुणी हे सांगितलं असेल. ज्यांनी सांगितलं त्यांनी स्वतः किती गिळलं आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून उलट बोलता येत नाही.

दुपारी आबा कारखान्यावर गेले नाहीत. थोरल्याचा मेंढीकोटचा कागदी कॅट घेऊन माझ्यासमोर बसले. म्हणाले, "त्यो साहेबाचा खेळ दाव."

मी दाखवला. पट्टी नव्हती, म्हणून आईने मोजायला शेंगदाणे दिले. चार ठेवायची, दोन टाकायची, डबा कुणाचा, पंजी का द्यायची नाही, हे सगळं मी दोनदा सांगितलं. आबांना पत्त्यांतलं लगेच कळतं. पहिली वाटणी माझी होती. आबांनी पानं पसरून बराच विचार केला आणि दोन टाकली. शेवटी मी डबा उलटा केला तर त्यात त्यांची एक पंजी आणि एक गुलाम.

"आबा, डबा माझा होता. दुसऱ्याच्या डब्यात चांगली पानं टाकायची नसतात."

"तू कवापासनं दुसरा झालास?"

चुलीपासून आई म्हणाली, "आसं खेळून तुमी जिंकला व्हय." आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले.

घर म्हणजे आता मला काय वाटतं ते नीट मांडता येत नाही. काष्टीत दोन दिवसांपेक्षा जास्त माझा अभ्यास होत नाही. नागापूरच्या खोलीला घर म्हणवत नाही. परीक्षा तिथूनच देईन, होईल तशी. आबांना मी नियम पुन्हा समजावून सांगितला. खेळ असा चालत नाही, अशाने माणूस कधीच जिंकत नाही, हेही सांगितलं. ते व्हय व्हय म्हणाले. पुढच्या वेळी डबा माझा आला तेव्हा त्यांनी दोन पंज्या टाकल्या आणि तो डावही ते हरले.