आतोबांची भूक

भुकेवर इतकं निरागस प्रेम करणारा माणूस माझ्या आत्याच्या यजमानांखेरीज अख्ख्या सोलापुरात झाला नसेल. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. चादरींच्या नक्ष्या काढण्यात त्यांचा जन्म गेला. चौकटीच्या कागदावर मोर भरता भरता त्यांची नजर अशी काही लांब जायची, की मालकाला वाटे, नवीन नक्षी सुचतेय. खरं तर ते शेंगांच्या चटणीत असत. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. धपाट्याची भूक लागली म्हणजे सकाळचे नऊ, भज्यांची लागली म्हणजे दुपारचे चार, आणि नुसतंच 'कायतरी पायजे' वाटलं की मग कुठलीही वेळ. एकदा अकलूजला लग्नाला म्हणून निघाले, मोडनिंबला एसटी थांबली तेव्हा भज्यांच्या वासामागे खाली उतरले, आणि तिथूनच संध्याकाळी घरी परतले. "कसं झालं लग्न?" आत्यानं विचारलं. "कुरकुरीत," ते म्हणाले.

अशा माणसाचे गुडघे एक दिवस संपावर गेले. जिना उतरणं अवघड झालं, साखर वाढली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. पथ्यं झाली, काकडी झाली, पण आतोबांच्या स्वप्नांना पथ्य कोण लावणार? शेवटी सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना घेऊन गेलो. बाई शांत होत्या. भूक कमी करणारं इंजेक्शन देता येईल म्हणाल्या, आणि त्याआधी तासभर प्रश्न विचारत बसल्या. पित्ताचे खडे आहेत का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, साखरेच्या गोळ्या कुठल्या. आतोबांनी प्रत्येक उत्तरात कुठला ना कुठला पदार्थ घातला. मग बाईंनी समजावलं, "भूक लागते पोटात असं आपण म्हणतो, पण ठरतं ते मेंदूत. जेवलं की आतड्याकडून मेंदूला निरोप जातो, आता पुरे. तुमच्याकडे तो निरोप फार हळू आवाजात जातो. हे औषध तोच निरोप मोठ्यानं देतं, आणि पोटातलं अन्नही सावकाश पुढं सरकवतं."

"म्हंजे माझा पोस्टमन झोपतोय की!" आतोबा म्हणाले.

बाई हसल्या, पण पुढचं बोलणं त्यांनी कागदावर लिहून दिलं. आठवड्यातून एकच दिवस. सुरुवात सगळ्यात लहान मात्रेनं, वाढवायची ती त्यांनी सांगितल्यावरच. राहून गेली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. पाणी भरपूर, जेवण थोडं पण डाळ-अंडी सोडायची नाहीत. आणि पोटात जोराची कळ येऊन ती पाठीपर्यंत गेली तर फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आत्यानं तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि इंजेक्शनचं पेन आत, लोण्याच्या डब्यामागे ठेवलं.

तीन आठवडे सगळं छान चाललं. आतोबा अर्ध्या भाकरीवर थांबायचे आणि आपल्याच हाताकडे नवलानं बघायचे. मग थंडीत मोडनिंबकडच्या एका नातलगाच्या शेतावर हुरड्याचं बोलावणं आलं. ठरलेलं इंजेक्शन परवाच झालं होतं. पण हुरड्यासमोर आपला टिकाव लागणार नाही, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. एकानं अर्धी भूक जाते तर दोनांनी सगळी जाईल, असा साधा हिशेब करून निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी गुपचूप दुसरं टोचून घेतलं. शेतावर पोचलो तेव्हा आगटीतून धूर वर चढत होता, कणसं चोळली जात होती, ज्वारीवर कोवळं ऊन सांडलं होतं. आणि आतोबा बांधावर बसून ओकत होते. दुपारपर्यंत पाण्याचा घोट ठरेना. ओठ सुकले, उठताना तोल गेला, तेव्हा कुठं त्यांनी खरं सांगितलं. गाडीत मागच्या सीटवर आत्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पदराचं टोक पाण्यात भिजवून ती त्यांचे ओठ ओले करत होती, तेवढं गाडी चालवताना मला आरशात दिसलं.

"लई गोड हुरडा हुता रे," डोळे मिटूनच ते म्हणाले. "वासावरनं कळलं."

दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "पोट जवळजवळ थांबलं होतं तुमचं. अंगातलं पाणी असंच जात राहिलं असतं तर मूत्रपिंडाला धोका होता." आतोबांनी हात जोडले.

त्यानंतर ते औषधाच्या बाबतीत आत्यापेक्षा कडक झाले. कारखान्यात सूत रंगवणारे त्यांचे एक जुने दोस्त एकदा भेटायला आले. आतोबांचा सैल झालेला सदरा बघून हरखले. "मेरेकू भी एक टोच की रे," म्हणाले. आतोबा उठले, काठी घेतली आणि दोस्ताला रिक्षात घालून थेट बाईंकडे. तिथल्या प्रश्नांत निघालं, की पाच वर्षांपूर्वी या गृहस्थांच्या स्वादुपिंडाला सूज येऊन ते मरता मरता वाचले होते. बाईंनी त्यांना हे औषध साफ नाही म्हटलं. बाहेर येऊन दोघं म्हातारे रसवंतीच्या बाकावर रसाविना कितीतरी वेळ बसून राहिले. आतोबांनी दोस्ताचा हात सोडला नव्हता.

गुडघ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. मात्रा आता थोडी उतरवलीय, अजून किती दिवस घ्यायची ते बाई ठरवतील. पण मी विचारलं, बरं वाटतंय ना, तेव्हा ते म्हणाले, "बरं हाय की. पर दुपार लई लांब झाली बघ. आदी कुणीतरी येणार हाय असं वाटायचं. आता कुणी येत न्हाय."

परवा भर दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आतोबा पाटावर नाही, खुर्चीवर बसून जेवत होते, एकेक घास चिमणीसारखा. पूर्वी आत्या वाढायला वाकायची तोवर ताट रिकामं झालेलं असे, आणि तव्यापासून ताटापर्यंतची तिची फेरी संपतच नसे. आता तिला करायलाच काही उरलं नव्हतं. ती त्यांच्यासमोर ताट घेऊन बसली होती. मी उंबऱ्यातच थांबलो. चाळीस वर्षांच्या संसारात आत्याला गरम भाकरी खाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.