गावात नसलेलं आडनाव

आमचं आडनाव एका गावावरून पडलेलं. म्हसळ्याच्या आत, डोंगराच्या कडेला ते गाव आहे, पण तिथे आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं. बाबांना मात्र आडनावाचा फार अभिमान. आपली माणसं पनवेलला आहेत, पेणला आहेत, ठाण्याला एकाच सोसायटीत दोन घरं आहेत, असं आल्यागेल्याला सांगत. फोन उचलला की आधी आडनाव.

गेल्या उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतीत एका दूरच्या व्याह्यांनी यावर पाणी ओतलं. ते त्या गावात जमीन बघून आले होते. "तुमच्या आडनावाचं औषधालासुद्धा घर नाही तिथे," ते हसत म्हणाले. "मग हे आणलंत कुठून?" बाबांनी हातातली जिलबी तशीच ताटात ठेवली. आजोबांनी दुसऱ्या कुणाचं नाव लावून घेतलं असेल, आपण कुठलेच नाही, असं त्यांनी डोक्यात घेतलं. घरात बोलेनासे झाले. त्या व्याह्यांचा मला अजून राग आहे.

शेवटी मीच बाबांना गाडीत घातलं. आगरदांड्याहून गाडीसकट बोटीने दिघी आणि तिथून पुढे. बोटीवर ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. मलाही धाकधूक होतीच. तिथे काहीच निघालं नाही, तर यांना घरी कोणत्या तोंडाने न्यायचं?

गावच्या देवळात गुरव पायरीवर बसून फुलं निवडत होते. बाबांच्याच वयाचे असतील. बाबांनी आडनाव सांगून विचारलं, "या नावाचं कुणी आहे का इथे?"

"न्हाय," गुरव म्हणाले. बाबांचा चेहरा उतरला. ते पाहून गुरवांनी परडी बाजूला ठेवली. "असणार कसं भाऊ? गावात ऱ्हाणाऱ्याला गावाचं नाव कोण लावील? आमी वरच्या आळीचे, नायतर खालच्या आळीचे. जो गाव सोडून गेला, त्याला तिकडं लोकांनी इचारलं, कुठला तू? त्यानं गाव सांगितलं. तेच चिकटलं."

"म्हणजे आम्ही इथलेच?"

"व्हय तर. शिमग्याला देवाला गाऱ्हाणं घालतो, तवा दरसाल म्हणतो, भायेर गेलेत त्यांनाबी सुखी ठेव. ते तुमच्यासाठीच की."

बाबा पायरीवर टेकले. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यापायी आम्ही सगळे महिनोन्‌महिने घुसमटत होतो.

निघताना नारळ फोडायचा ठरला. "कुणाच्या नावानं सांगू देवाला?" गुरवांनी विचारलं. बाबांनी फक्त स्वतःचं नाव सांगितलं. ते विसरले असं वाटून मी पुढे आडनाव जोडायला गेले, तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

"इथे ते कशाला?" ते म्हणाले.