जाळी काढून केलेली पूजा

आमची भाताची गिरणी जोयडा तालुक्यात, बाजारकुणंगच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडात. एक मोटर, एक भात सडायचा हलर आणि दोघांना जोडणारा रुंद पट्टा. नवरा गेल्यापासून मी आणि सून मिळून ती चालवतो. मुलगा गोव्यात कामाला. जंगलात दोघी बायका काय करताय, इकडं या, असं त्याचं नेहमीचं. गेल्या वर्षी त्यानं सांगूनच टाकलं, "आई, ह्या सुगीत गिरणी चालली न्हाई तर मोटर विकायची. मग काय ऐकून घेणार न्हाई." आता सुगी म्हणजेच आमचं वर्ष. कापणी झाली की पार दिग्गीपासून भात येतं, बाकीचे महिने नुसती धूळ झाडायची. तेव्हा माझं सगळं त्या सुगीवर टांगलेलं होतं.

पावसाच्या आधी कारवारहून तपासणीची मॅडम आली होती. गिरणीत, लाकडाच्या मिलमध्ये माणसं धड राहतात का बघायचं, हे तिचं काम. वयानं माझ्या नातीएवढी. पट्ट्याकडं बोट करून म्हणाली, "अज्जी, हा असा उघडा? एका गिरणीत बाईचा पदर असाच ओढला गेला. पुढचं सांगत नाही." बोलली कानडीत, मी आपल्या भाषेत लिहिते. मला राग आला नाही. सून त्या पट्ट्याजवळ वाकायची तेव्हा मीच तिचा पदर मागं ओढून धरायचे. रामनगरच्या वेल्डरकडून लोखंडी जाळी करून आणली, बोल्ट आवळून घट्ट बसवली.

मग आला दसरा. खंडेनवमीला आमच्यात सगळ्या हत्यारांची पूजा. कोयता, कुऱ्हाड, नांगर, आणि गिरणी. गिरणी तर लक्ष्मीच. आता मला सांगा, तोंड झाकलेल्या बाईला कुणी हळदकुंकू लावतं काय? दोघींनी मिळून बोल्ट काढले, जाळी भिंतीला टेकवली, चाकाला नि पट्ट्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पूजा उतरवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो. उतरवायची दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पण तो पडला मंगळवार. मंगळवारी आम्ही लक्ष्मी हलवत नाही. बुधवारी उतरवू, म्हटलं.

आणि मंगळवारीच जीप आली.

मॅडमनं पट्टा बघितला, भिंतीला टेकलेली जाळी बघितली. तिचं तोंडच उतरलं. "अज्जी, मी सांगून गेले होते."

"पूजेला काढलीया, बाय. उद्या बसवतो."

"आत्ता बसवा."

"आज मंगळवार हाय. हात लावायचा न्हाई."

"आणि कुणी चालू केली तर?"

"पूजेतली मशीन कोण चालू करंल? देवाशपथ, बंदच हाय."

तेवढ्यात सून पुढं झाली. ती एरवी अशी बोलायची नाही, पण भ्यालेलं माणूस काहीही बोलतं. "मॅडम, तुमच्या जीपला पण हार हाय की! लिंबू हाय! तुमचीबी पूजा झाली न्हवं?"

ड्रायव्हर फिसकन हसला. मॅडम हसली नाही. "झाली. पण आम्ही ब्रेक काढून पूजा नाही केली."

मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली, हार काढला आणि जाळीला हात घातला. मंगळवार तर मंगळवार. सून एका बाजूनं धरून उभी, मी पाना फिरवतेय, पाना घसरतोय. बसली एकदाची. मी हात जोडले. "बघ बाय, बसली. आता लिहू नको."

तिनं जाळी हलवून बघितली. पिशवीतून वही काढली. मग म्हणाली, "बसवलेली बघितली, तेही लिहीन. काढलेली बघितली, तेही लिहावं लागेल. मी परत येऊन बघेपर्यंत गिरणी बंद." मोटरच्या स्विचला तार ओवून सील लावलं.

"परत कवा येणार?"

"अज्जी, मी एकटी आहे. जिल्हा केवढा आहे."

जाताना तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. त्या हाताचा मला अजून राग येतो.

कापणी सुरू झाली. दिग्गीच्या जीपमधून पोती उतरायची, बंद शेड बघून परत वर चढायची आणि जोयड्याच्या गिरणीला जायची. माझ्याच वयाची एक म्हातारी दरसाल नव्या भाताचं गाठोडं घेऊन चालत येते. ती आली, गाठोडं टाकून दारातच बसली. "तोड की ते सील. हितं जंगलात कोण बघतंय? माकडं?"

मी स्विचपाशी गेले. खोटं कशाला बोलू, तारेत बोटही घातलं. सून मागून म्हणाली, "आत्ती, तुटलं तर कायमचं जाईल."

"आणि न तुटता काय ऱ्हायलंय गं?" मी तिच्यावर ओरडले. ती रडायला लागली. म्हातारी उठली. "ऱ्हाऊ दे बायांनो, भांडू नका. मी घरात कांडते." सुनेनं डोळे पुसत तिच्या डोक्यावर गाठोडं चढवलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला, गिरणी चालली का विचारायला. सुनेनं उचलला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सांग, मॅडम यायच्या हायत." तिनं तेच सांगितलं. पलीकडून त्यानं विचारलेलं मलाही ऐकू आलं, "कवा?"

सुनेनं फोन माझ्या हातात दिला.