अक्काच्या नावावरचं भरीत

ही गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असण्याची शक्यता आहे. हिवाळ्यात जळगावात भरीत खायला आला असाल आणि पंगतीच्या टोकाला उभा राहून एक जाडा माणूस हातवारे करत बोलत असेल, तर तो मीच. सरकारच्या कॉम्प्युटरनं माझ्या विधवा बहिणीला इन्कम टॅक्सवाली शेठाणी कशी करून टाकली, ती गोष्ट. लोक घास हातात धरून हसतात. पण तिच्यातला एक तुकडा मी दरवेळी गिळतो. तो कुणालाच सांगितलेला नाही, बायकोलाही नाही. आज तेवढाच सांगायला बसलोय — आणि बघा, सुरुवात केली ती पंगतीपासूनच. सवय.

माझा धंदा भरिताचा. यावलकडची हिरवी, लांबट वांगी, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी भांड्यात ठेचलेली, वर शेंगदाणे आणि हिरवी मिरची. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मोसम हिवाळ्याचा. उरलेलं वर्ष लग्नकार्यात भांडी भाड्यानं देतो. सगळे मला नाना म्हणतात. फक्त एकच माणूस भाऊ म्हणतं — माझी मोठी बहीण, अक्का. ती धुळे जिल्ह्यात, पिंपळनेरच्या पुढं एका खेड्यात, दिराच्या घरी राहते. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली. अक्काला निराधार बायकांना मिळतं ते सरकारी मानधन मिळायचं. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण ती मागावी लागत नव्हती, हे महत्त्वाचं. रक्तदाबाच्या गोळ्या, यष्टीचं तिकीट, नातवाला खाऊ — ह्यासाठी तिला दिरापुढं उभं राहावं लागत नव्हतं. तुम्ही कधी दुसऱ्याच्या घरात राहिला आहात का? मग हे समजावून सांगायला नको.

आता क्यूआर कोड. तो आला आणि आमच्या धंद्याचा पडदाच उडाला. आधी पैसे गल्ल्यात पडायचे, गल्ला बोलत नसतो. आता प्रत्येक प्लेटचा पैसा बँकेत उमटायला लागला. आमचे हिशेब बघणारे पारसभाऊ, त्यांच्या वडिलांपासून आमची ओळख, त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "नाना, घाबरू नका. छोट्या धंद्याला कायद्यानंच सोपी वाट दिलेली आहे. विक्रीतला ठरलेला हिस्सा नफा म्हणून दाखवायचा, मोठ्या वह्या ठेवायला नकोत. भांडी आणि भरीत मिळून कर लागलाच तर थोडा लागेल. पण जे आहे ते स्वतःच्या नावावर दाखवा."

मी मान डोलावली. आणि काय केलं?

अक्काचं एक खातं मीच जळगावात उघडून दिलं होतं. "तुझ्या नावानं दोन पैसे टाकत जाईन," असं म्हणून. तिच्याकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून मोबाईल नंबर माझा दिला. बँकेत माझा, आधारला माझा, सगळीकडे माझाच. त्या खात्याचा क्यूआर कोड छापला आणि वांग्यांच्या ढिगाशेजारी टांगला. गिऱ्हाईक पैसे पाठवायचं, त्याच्या फोनवर अक्काचं नाव यायचं आणि ते विचारायचं, "नाना, ह्या कोण सुमनबाई?"

"मालकीण आहेत," मी म्हणायचो. "आम्ही नोकर माणूस."

मोठा हशा. मला तो हशा फार आवडायचा. खरं सांगू? वाचलेल्या करापेक्षा जास्त आवडायचा. पैशाची नड होती, मुलांचं शिक्षण होतं — असलं काही मला सांगता आलं असतं, पण तसं काही नव्हतं. नड नव्हती. मी हुशार आहे, सरकारला माझं भरीत दिसतच नाही, हे पानटपरीवर उभं राहून सांगण्यात जी मजा होती, ती हवी होती. अक्काला विचारलं का? नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली नसती. म्हणून तर विचारलं नाही.

मग आयकरवाल्यांचा एक संदेश आला. खात्यात एवढे व्यवहार दिसतात, विवरणपत्र का भरलेलं नाही? अक्काच्या नावाचा संदेश, माझ्या फोनवर. मी वांगी भाजत होतो. राखेनं भरलेल्या हातांनीच तो दोनदा वाचला. पारसभाऊंकडे जायला हवं होतं. पण त्यांच्यासमोर मान डोलावली होती ना मी. मग गेलो भुसावळला, जिथं मला कुणी ओळखत नाही. एका ऑनलाइनवाल्याकडे बसून अक्काच्या नावानं रिटर्न भरून टाकलं. व्यवसाय — केटरिंग. त्यानं आकडे टाकले, कर शून्य आला. फोनवर ओटीपी आला, मी वाचून दाखवला, काम झालं. बाहेर येऊन मी चहा प्यालो आणि स्वतःवर खूश झालो. कर शून्य, म्हणजे कुणाचं काही गेलं नाही. असंच वाटलं मला.

पण ज्या बाईला जगायला आधार नाही म्हणून मानधन मिळतं, तिच्या नावावर केटरिंगचा धंदा दिसला, तर मानधनाचं काय होईल — हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. नीट नाही, धूसर. त्या धूसरपणाकडे मी बघितलं नाही, एवढंच.

काही महिन्यांनी गावात निराधारांची यादी नव्यानं वाचली गेली. अक्काचं नाव नव्हतं. कारण मोठ्यानं वाचलं गेलं — उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त, आयकर विवरणपत्र भरलेले आहे. चावडीत बसलेल्या बायांनी माना वळवल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर ती हंडा घेऊन गेली तर कुणीतरी म्हणालं, "शेठाणी उनी, जागा द्या तिले." एवढे दिवस खोटं सांगून गरिबांचे पैसे खाल्ले, असंही म्हणालं कुणी. तेव्हापासून अक्का टाकीवर दुपारच्या उन्हात जाऊ लागली, जेव्हा तिथं कुणी नसतं.

तिनं फोन कुणाला केला असेल? मलाच. शेजारणीच्या फोनवरून. तिला एकच नंबर तोंडपाठ होता. नवरा दवाखान्यात होता तेव्हा तिनं माझा नंबर ओवीसारखा म्हणून म्हणून पाठ केला होता.

"भाऊ, तू ये. तुले बोलता येस. तुनं आयकतीन सायेब लोक."

मी गेलो. ह्याला काय म्हणायचं, सांगा? पळून गेलो असतो तर निदान भित्रा ठरलो असतो. मी गेलो, तिच्याबरोबर तलाठ्यापुढं उभा राहिलो आणि टेबलावर हात आपटला. "ह्या बाईच्या अंगावरचं लुगडं बघा, साहेब. ही तुम्हाला इन्कम टॅक्सवाली दिसते?" असा आवाज लावला की बाहेरची माणसं दारात गोळा झाली. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं — भाऊ असावा तर असा. तलाठी बिचारा तरुण होता. म्हणाला, "काका, मला शिव्या देऊन काय होणार? तालुक्याहून यादी आली तशी मी वाचली. रिटर्न कुणी भरलं ते आधी शोधा. चुकीचं असेल तर लेखी द्या, मी वर पाठवतो."

म्हणून आम्ही पिंपळनेरला आलो, एका ऑनलाइन सेवा केंद्रात. चैत्राचं ऊन, वर पंखा, समोर कॉम्प्युटरवर एक चुणचुणीत बाई. तिनं अक्काचा पॅन नंबर टाकला. मी मागं उभा. अक्का स्टुलावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"मावशी, इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या नावानं खातं उघडलेलं दिसतंय. मागं रिटर्न भरलं का कधी?"

"मी कव्हय टॅक्स भरा, बाई?"

"अहो, हिच्या घरी चूलसुद्धा दिराची आहे," मी म्हणालो. बाई हसली. मीही हसलो. हसू आलं की मला धीर येतो.

"पासवर्ड नाही तर ओटीपी मागवते," ती म्हणाली. "ज्यानं भरलंय त्याच्या मोबाईलवर जाईल. पूर्ण नंबर दिसत नाही इथं, शेवटचे दोन आकडे दिसतात. सत्तेचाळीस. कुणाचा आहे हा?"

अक्काचे ओठ हलले. मी बाजूनं बघत होतो, म्हणून मला दिसलं. ती आकडे म्हणत होती — मनातल्या मनात, पहिल्या आकड्यापासून, जसे पाठ केले होते तसे. सत्तेचाळीसवर येऊन ती थांबली.

बाईनं बटण दाबलं.

आता हा तो तुकडा. माझ्या फोनचा आवाज मी मोठा ठेवतो, पंगतीच्या गोंगाटात ऐकू यावा म्हणून. फोन माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात होता. तो वाजला. एवढ्याशा खोलीत, पंख्याखाली, पितळी ताटावर चमचा पडावा तसा.

बाईनं मान वर केली. अक्कानं केली नाही.

"ऑर्डर असेल," मी म्हणालो. "भरिताची."

चैत्रात. खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल की चैत्रात भरिताचं वांगं नसतं. अक्काला तर वांग्याच्या मोसमातला प्रत्येक आठवडा माहीत. आमच्या आईबरोबर तिनं शेतात वांगी तोडलेली आहेत.

मी फोन काढला नाही. खिशावर हात ठेवून उभा राहिलो. बाई म्हणाली, "ओटीपी थोडा वेळच चालतो." तिनं अक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता अक्का वळेल. आता म्हणेल, भाऊ, दाखव बरं तो फोन. वळली असती तर मी सगळं ओकलो असतो, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय. कशावरून ओकलो असतो?

ती उठली. पिशवी खांद्याला लावली.

"चाल भाऊ, यष्टी निंघी जाई," म्हणाली. आणि त्या बाईला, "ऱ्हाऊ दे बाई. तुले उगाच तरास व्हयना."

यष्टीत तिनं खिडकीची जागा मला दिली. पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. वाटभर मला वांग्यांचा भाव विचारत राहिली.

पुढच्या भाऊबीजेला मी तिला जाड पाकीट घातलं. तिचंच गेलेलं तिला ओवाळणीत. दिरानं, जावेनं, सगळ्या घरानं माझं कौतुक केलं. अक्कानं पाकीट डोळ्यांना लावलं. आता गोळ्या संपल्या की तिला कुणाकडे तरी बघावं लागतं — दिराकडे, नाहीतर माझ्याकडे. माझ्याकडे बघावं लागतं, ह्यात मला पहिली एकदोन वर्षं बरंही वाटायचं.

धंदा पुढं मी माझ्या नावावर घेतला. पारसभाऊंनी काही विचारलं नाही, रिटर्न भरून दिलं. लागला तो कर त्या वर्षी विकत घेतलेल्या एका तांब्याच्या पातेल्याहून कमी होता. अक्काचं मात्र तसंच राहिलं. ते उत्पन्न माझं होतं, तिचं नव्हतं, असं मी लेखी दिलं तर तिचा अर्ज पुन्हा चालू शकतो, असं पारसभाऊ म्हणाले. मी एकदाच विचारलं होतं. एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय, असं सांगून. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते मी लेखी दिलेलं नाही.

उलट मी गोष्ट रचली. कॉम्प्युटर, तलाठी, टेबलावरची थाप, "चूलसुद्धा दिराची आहे" — सगळं तिच्यात आहे. शेवटी अक्का कॉम्प्युटरला नमस्कार करते आणि मी म्हणतो, "सरकार, एवढा टॅक्स भरते तर तिला एक मोटारगाडी तरी द्या." इथं टाळी येते.

ह्या हिवाळ्यात भाचीच्या, म्हणजे अक्काच्या मुलीच्या, घरच्या कार्यक्रमाला भरीत माझंच होतं. जेवणं सुरू झाली आणि व्याही म्हणाले, "नाना, ती टॅक्सवाली होऊ द्या." अक्का तिथंच होती, पंगतीत भाकरी वाढत. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पाहुण्यांच्या पंचवीस-तीस तोंडांवर आधीच हसू आलेलं होतं. मी सुरू केली. तलाठी झाला, टेबल झालं, पिंपळनेर झालं. "आणि ती बाई म्हणाली, नंबर कुणाचा आहे हा?" — इथं मी नेहमी खांदे उडवतो आणि पुढं नमस्कारावर जातो.

खांदे उडवले. आणि मागून अक्काचा आवाज आला. भाकऱ्यांची टोपली कमरेवर, पाठ माझ्याकडे.

"आनि मंग फोन वाजना."

फोन वाजला, म्हणाली. सगळी पंगत खो-खो हसली. त्यांना काय कळलं असेल? काहीच नाही. बोलण्याची वेळ एवढी अचूक होती की हसूच येणार. व्याह्यांना ठसका लागला. अक्का पुढच्या पानाकडे वाकली आणि म्हणाली, "आजून अर्धी ल्या."

मी तिथं थांबायला हवं होतं. मी गोष्ट पुढं नेली. नमस्कार, मोटारगाडी, टाळी.

आणि खरं सांगायचं ते अजून पुढंच आहे. त्यानंतर मी ही गोष्ट पुन्हा सांगितली, जळगावात, माझ्या गिऱ्हाइकांपुढं. आता ती ओळ तिच्यात आहे. अक्काच्या आवाजात, तशीच पाठ फिरवून, टोपली धरल्यासारखा हात कमरेवर ठेवून मी ती म्हणतो. लोक तिथं सगळ्यात जास्त हसतात. मी थांबतो, त्यांचं हसून होऊ देतो, आणि पुढं जातो.