उलट्या पावलांचे रविवार

रस्त्याखालून पाणी जाताना कधी ऐकलं आहे? चक्की बंद केल्यावरही तिचं जातं थोडा वेळ आपल्याच नादात घुमत राहतं ना, तसा तो आवाज असतो. खोल, भरलेला, समाधानी. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की वस्ती संपता संपता एक पुलिया लागते. पुलिया कसली, रस्त्याखाली घातलेला सिमेंटचा जाड पाइप! तिच्यावरून मी वर्षानुवर्षं आले-गेले. पण तिचा आवाज कानी पडला तो आम्ही कचरा उचलायला लागल्यानंतर.

त्यात थोरपणा काही नव्हता. माझी पिठाची चक्की याच रस्त्यावर आहे, आणि उडत येणाऱ्या प्लास्टिकच्या पन्न्या रोज माझ्याच दारात मुक्कामाला येत. शेवटी शेजारची सुमनताई, तिच्या दोघी जावा आणि मी, अशा चौघी दर रविवारी सकाळी पोती घेऊन निघू लागलो. चौघीही धानाच्या मुलखात वाढलेल्या. माझं माहेर लाखांदूरकडचं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मी सून होऊन इथे आले. धानाचे रोवणे केलेल्या बाईला रांगेत वाकायला सांगा, ती आपोआप मागे सरकणार! रोप चिखलात खोचत मागे मागे जायचं, म्हणजे लावलेलं पायाखाली येत नाही. अंगाला हे इतकं पाठ, की पहिल्या रविवारी आम्ही कचराही तसाच उचलला. पुढचं साफ करत आणि मागचं तुडवत. सुमनताई तर थेट उसाच्या चिपाडांच्या ढिगावर जाऊन बसली. समोरचा चहावाला केटली खाली ठेवून बाहेर आला. "काहून जी मावशी, कचरा उचलून राहिल्या का रोवून राहिल्या?"

सगळा रस्ता हसला. पुलियेला लागून पर्बताबाईची बांधी, म्हणजे धानाचं शेत आहे. ती एकटी कसते. तीही शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून म्हणाली, "घरी झाडाले अंगण नाही का वं तुमाले? रस्त्यावर निघाल्या!" आम्ही मुकाट्यानं वळलो आणि सरळ चालायला शिकलो.

मग एका शनिवारी पाऊस लागला तो रात्रभर. सकाळी पोती घेऊन पोचलो, तर पर्बताबाई रस्त्यावरच उभी होती. पुलिया तुंबली होती. शेतातलं पाणी रस्त्याखालून पलीकडच्या नाल्यात जातं, ते अडलं होतं आणि तिचे पऱ्हे, रोवण्यासाठी वाढवलेली कोवळी रोपं, पाण्याखाली गेली होती. "बुडून राहिले वं माये! उद्यापर्यंत सडतेत," ती म्हणाली. पुन्हा पेरायला घरात बियाणं नव्हतं, आणि हंगामही थांबणार नव्हता.

आम्ही नाल्याच्या बाजूनं उतरलो. पाइपच्या तोंडातून एका नायलॉनच्या लुगड्याचा पदर बाहेर लोंबत होता. आत पन्न्या, चिंध्या, थर्माकोलच्या पत्रावळी यांचा नुसता गुंता. आम्ही आजवर भरलेली पोती त्या आतल्या ऐवजापुढे किती थोडी होती! पदर धरून पर्बताबाईसकट पाचही जणी एका रांगेत वाकलो. "वढा वं, वढा!" सुमनताई ओरडली, आणि आमची पावलं न सांगता मागे पडू लागली, एकापाठोपाठ एक, अगदी रोवण्याच्या लयीत. गोळा एकदम सुटला. मागोमाग पाणी आलं. दोघी जागेवर बसल्या, माझी एक चप्पल नाल्यानं नेली, आणि मग तो आवाज आला. दुपारी पाण्यावर पहिले हिरवे शेंडे दिसले, तेव्हा पर्बताबाईनं लोटा भरून आणला. एकेकीचे हात धुऊन दिले.

रोवण्याचे दिवस आले, तसा तिचा निरोप आला: "या रविवारी कचरा राहू द्या. इकडं या. मागं जाणं तरी बराबर येते तुमाले." गुडघे आता पूर्वीचे नाहीत, तरी गेले. रस्त्यावर पुढे पाहत चालते, तेव्हा मला उरलेलाच कचरा दिसतो; रविवार मोजायचे तरी किती, असं वाटतं. इथे मागे सरकताना मात्र झालेलं काम डोळ्यांपुढे पसरत जातं. या दिवसासाठी आभार मानायचे ते तरी कुणाचे? वाकायला शिकवणाऱ्या आईचे, हसणाऱ्या रस्त्याचे, की त्या कुणा अनोळखी बाईनं फेकलेल्या लुगड्याचे? मी आपले सगळ्यांचेच मानून टाकले आणि पुढची जुडी सोडली.

बोटांत तेच वाचलेले पऱ्हे होते. पलीकडे पुलिया घुमत होती. तेवढ्यात रस्त्यावरून चहावाल्याची हाक आली, "आता बराबर आहे जी मावशी!"

मान वर न करता मी एक पाऊल मागे टाकलं.